तान्ह्या बाळाची आकडी

बायांनो, तुमच्या आयांना जे सांगत आले तेच तुम्हाला सांगते. तान्ह्या बाळाची आकडी मोठ्यांच्या फेफऱ्यासारखी दिसेलच असे नाही. चार-सात महिन्यांचे बाळ झोपेतून उठते, मान पुढे टाकते, दोन्ही हात फेकते, क्षणभर ताठते, सैल पडते. काही सेकंदांनी पुन्हा तेच. घरचे म्हणतात, दचकले, पोटात कळ आली, दृष्ट लागली. दचकणे असे ओळीने होत नाही, आणि कळ आलेले बाळ पाय पोटाशी घेऊन रडत राहते. इंग्लंडच्या डॉ. वेस्ट यांनी 1841 साली स्वतःच्या मुलाचे हेच झटके लिहून ठेवले. या दुखण्याला आजही त्यांचेच नाव आहे.

असे दिसले की आधी मोबाइलवर चित्रण करा. ओरोसला जिल्हा रुग्णालयात पोचेपर्यंत झटके थांबलेले असतात, चित्रण डॉक्टरांना उपयोगी पडते. देवाला गाऱ्हाणे घालायचे तर वाटेत घाला. कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा, पाणी घालू नका, चरका तर कधीच देऊ नका. कुठलाही झटका आला की बाळाला कुशीवर ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांपुढे गेला तर 108.

आपल्याकडे कारण पुष्कळदा जन्मवेळचे असते: उशिरा रडलेले बाळ, पहिल्या दिवसांत रक्तातली साखर उतरलेले बाळ. कधी मेंदूज्वर, कधी जन्मजात दोष. सुनेच्या पायगुणाचा यात काही संबंध नाही, तिला बोल लावू नका. बाळंतपण दवाखान्यातच करा, पहिल्या तासात अंगावर पाजा, मध चाटवू नका. बाळंतपणाचे कागद जपून ठेवा, डॉक्टर तेच आधी मागतात.

झटक्यांइतकेच लक्ष बाळाच्या वागण्यावर ठेवा. हसणारे बाळ हसेनासे झाले, नजर मिळवेना, धरलेली मान पुन्हा पडू लागली, तर मेंदूची वाढ अडते आहे. उपचार लवकर सुरू झाले तर बसणे-बोलणे सावरायला वाव राहतो. उशिराची भरपाई कठीण. मेंदूचा आलेख काढायला गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात पाठवले तर जा. झटके थांबले म्हणून औषध मनाने बंद करू नका. चतुर्थीत दुकाने बंद असतात, आठवडाभर आधी भरून ठेवा. रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. व्यायाम, खेळ, बोलणे तिथे शिकवतात, आणि ते घरी रोज करायचे असते.

मालवणात असा नाहीतर कणकवलीत, संशय आला त्याच दिवशी बाळ दाखवा.