कुत्र्याचा लाल डोळा उद्यावर ढकलू नका

कुत्र्याचा डोळा लाल झाला, पाणी येऊ लागलं की ‘काहीतरी गेलं असेल’ म्हणत आपण डोळा धुतो आणि दोन दिवस वाट पाहतो. कचरा असेल तर तेवढ्यानं भागतंही. पण आतलं भिंग जागेवरून सरकलं असेल, तर त्या दोन दिवसांत नजर जाऊ शकते.

हे भिंग बाहुलीच्या मागे बारीक तंतूंनी धरलेलं असतं. तंतू तुटले की ते निसटतं. जॅक रसेल, फॉक्स टेरियर, तिबेटन टेरियर अशा जातींत हा दोष आनुवंशिक असून साधारण ३ ते ८ वर्षांच्या वयात दिसतो. इतर कुत्र्यांत जोराचा मार, डोळ्यातली जुनी सूज, पिकलेला मोतीबिंदू किंवा काचबिंदू ही कारणं असतात.

भिंग मागे पडलं तर काही काळ औषधांवर निभावतं. पुढे आलं, तर मात्र डोळ्यातल्या द्रवाची वाट अडते आणि दाब चढतो. निरोगी डोळ्यात तो साधारण १० ते २५ मिलिमीटर पारा इतका असतो. ५०च्या वर गेला, तर एक-दोन दिवसांत दृष्टीची नस कायमची निकामी होऊ शकते.

डोळा मिटून घेणं, पंजानं चोळणं, निळसर धुरकटपणा, डोक्याला हात लावू न देणं, जेवण सोडणं यांपैकी काहीही दिसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. दाब मोजायला काही मिनिटंच लागतात. पुढे आलेलं भिंग बहुधा शस्त्रक्रियेनं काढावं लागतं. वेळेत काढलं तर कुत्र्याला धूसर का होईना दिसतं आणि घरात तो नीट वावरतो.

घरात उरलेले थेंब घालू नका. डोळ्यात जखम असेल तर स्टेरॉइडचे थेंब ती चिघळवतात. काचबिंदूच्या काही थेंबांनी बाहुली आकसते आणि पुढे आलेल्या भिंगाचा त्रास वाढतो.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या दोन्ही डोळ्यांत हळूहळू येणारी निळसर झाक बहुतेकदा वयाचीच असते. तरी एकदा तपासून घ्या.

आनुवंशिक दोषात दुसरा डोळाही पुढेमागे बिघडतो, म्हणून त्याची नियमित तपासणी करा. टेरियरची जोडी लावण्याआधी जनुकीय चाचणी करून घ्या आणि दोष असलेल्या कुत्र्याची पिल्लं घेऊ नका.