रक्तदाब आणि दीर्घकालीन औषधोपचार

उच्च रक्तदाबाच्या रोग्याला पुष्कळदा कसलाच त्रास जाणवत नाही. म्हणून काही महिने गोळ्या घेऊन दाब उतरला, की रोग बरा झाला असे समजून तो औषध सोडून देतो. ही समजूत घातक ठरू शकते. औषधाने दाब आटोक्यात राहतो; त्याचे मूळ कारण बहुधा नाहीसे होत नाही. औषध थांबताच बहुतेकांचा दाब पुन्हा चढू लागतो आणि हृदय, मेंदू व मूत्रपिंडे यांची हानी नकळत होत राहते.

सर्पगंधेच्या मुळीचा दाबावरील गुण डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकातून पाश्चात्त्य वैद्यकासमोर मांडला. १९५२ मध्ये तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. अमेरिकेत १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रिसर्पिनसह तीन औषधे वापरली होती. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी ७० जणांना औषधहीन गोळ्या देण्यात आल्या. त्यांच्यात २७ गंभीर प्रसंग ओढवले. औषध घेणाऱ्या ७३ जणांत असे प्रसंग केवळ २ होते.

रिसर्पिनने नाक चोंदणे, सुस्ती असे त्रास होत. आज त्याची जागा बहुतांशी इतर औषधांनी घेतली आहे. त्यांचेही काही उपद्रव असतातच. परंतु त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा किंवा औषध बदलणे. क्लोनिडिनसारखे औषध एकाएकी बंद केल्यास दाब धोकादायक रीतीने उसळतो. मीठ कमी करणे, वजन उतरवणे व नियमित चालणे यांनी काहींची मात्रा घटू शकते; तो निर्णय मात्र दाब वारंवार मोजूनच घ्यावयाचा असतो.