जुन्या मसल कारचा मागचा अ‍ॅक्सल बदलताना

साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी मसल कारसाठी मागचा अ‍ॅक्सल शोधायला निघालात, की कोणीतरी लगेच सांगतो : फोर्डचा नऊ इंची घाला, प्रश्न मिटला. हा अ‍ॅक्सल खरोखर दणकट आहे आणि १९५७ ते १९८६ इतकी वर्षे तो उगाच बनत राहिला नाही. पण तो प्रत्येक गाडीला हवाच असे नाही. आधी रुंदी, मग गिअरचे प्रमाण, मग ब्रेक आणि मजबुती शेवटी, हा क्रम मला योग्य वाटतो. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते हा क्रम उलटा धरल्यामुळे.

काय करावे

जुना अ‍ॅक्सल गाडीखाली असतानाच मोजा. ड्रमच्या ज्या तोंडावर चाक टेकते, तिथपासून पलीकडच्या तोंडापर्यंतचे अंतर घ्या. १९६५-६६च्या मस्टँगमध्ये ते सुमारे ५७¼ इंच, १९६७ ते ७०मध्ये ५९¼ आणि १९७१ ते ७३मध्ये ६१¼ इंच भरते. गाडीचे नाव तेच, पण फरक चार इंचांचा. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच वाढले तर टायर मडगार्डला घासणारच. पाट्यांच्या बैठकींमधले अंतर आणि रिम आत किती जाते हेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

सस्पेन्शन पाहा. १९६७-६९च्या कॅमारोला मागे पाटे आहेत, तर त्याच काळातल्या शेव्हेलला कॉइल स्प्रिंग आणि चार आर्म. दोन्हींमध्ये शेव्हरोलेचा बारा बोल्टचा अ‍ॅक्सल मिळतो, पण शेव्हेलच्या हाउसिंगवर वरच्या आर्मसाठी कान असतात आणि कॅमारोच्या हाउसिंगवर ते नसतात.

गिअरचे प्रमाण गिअरबॉक्ससोबतच ठरवा. इथे घाई करू नका, कारण गाडी चालवण्याचा आनंद याच आकड्यावर ठरतो. टायर २६ इंच उंच आणि वेग ताशी ६५ मैल असेल, तर अ‍ॅक्सलच्या प्रमाणाला ८४० ने गुणा. टॉप गिअर सरळ १:१ असताना इंजिनचे फेरे कळतात. ३.०० ला सुमारे २५२० फेरे, ३.५५ ला २९८०, ४.११ ला ३४५०. या शेवटच्या आकड्यावर तासभर हायवेने गेलात तर गाडीत बोलणेही ऐकू येत नाही.

आता पहिला गिअर पाहा. फोर्डच्या जुन्या वाइड-रेशो टॉपलोडरचा पहिला गिअर २.७८ चा. त्याला ४.११ ने गुणले की ११.४ येतात. ऐंशीच्या दशकातल्या मस्टँग जीटीच्या टी-५ गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.३५ चा. त्याला साध्या ३.५५ ने गुणले तरी ११.९ येतात. म्हणजे सिग्नलवरून सुटताना जोर थोडा जास्तच मिळतो, आणि ०.६८ च्या ओव्हरड्राइव्हमुळे ६५ मैलांना फेरे जेमतेम २०३० राहतात. पाच गिअरचा बॉक्स बसवणार असाल, तर ४.११ चा हट्ट सोडा.

पीसीडी आणि ब्रेक तपासा. फोर्डच्या व्ही-८ गाड्यांना पाच बोल्ट ४½ इंचांवर, शेव्हरोलेला ४¾ वर. १९७२पर्यंतच्या डार्टसारख्या छोट्या मोपार गाड्यांना ते ४ वर असतात. मागे ड्रमऐवजी डिस्क येणार असेल, तर मास्टर सिलिंडर, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह आणि हँडब्रेकची केबल यांचा खर्च आधीच धरा.

भंगारातला अ‍ॅक्सल उघडून बघा. सी-क्लिपच्या अ‍ॅक्सलमध्ये बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवरच फिरतात. त्या जागी नख फिरवून खाच लागली, तर शाफ्ट बाद. हाउसिंग वाकलेले नाही याची खात्री मोजून करा. तेलात धातूचे तुकडे दिसले तर तिथूनच परत फिरा.

काय टाळावे

नावाला भुलू नका. १९६६च्या मस्टँगमधले साधे २८९ इंजिन २०० अश्वशक्तीचे होते आणि कंपनीने त्याला आठ इंची अ‍ॅक्सल दिला होता. नऊ इंची मिळाला तो २७१ अश्वशक्तीच्या खास २८९ ला. नऊ इंचीचा पिनियन बराच खाली असतो, त्यामुळे दात जास्त घासत फिरतात आणि थोडी ताकद तिथेच जाते. इंजिन मूळचेच असेल आणि टायर रस्त्याचेच, तर चांगला आठ इंची पुरतो. सहा सिलिंडरच्या गाडीत व्ही-८ घातले असेल, तर मात्र तिचा ७¼ इंची अ‍ॅक्सल ठेवू नका.

आठ आणि नऊ ओळखायची गॅरेजातली खूण सोपी आहे. घड्याळातल्या पाच आणि सातच्या जागच्या खालच्या नटांवर सरळ सॉकेट बसत नसेल, तर तो नऊ इंची.

नुसते बोल्ट मोजून पैसे देऊ नका. शेव्हरोलेच्या ट्रकचाही बारा बोल्टचा अ‍ॅक्सल आहे. रिंग गिअर तोच ८⅞ इंची, पण पिनियनचा दांडा कारपेक्षा बारीक.

एक्सप्लोररचा अ‍ॅक्सल न मोजता आणू नका. १९९५ ते २००१च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची अ‍ॅक्सल मस्टँगवाल्यांचा लाडका आहे, आणि त्यांची निवड मला पटते. डिस्क ब्रेक, ३१ स्प्लाइन, पीसीडी तीच. पण रुंदी सुमारे ५९½ इंच आणि पिनियन एका बाजूला सरकलेला. डावीकडची लांब नळी कापून तिथेही उजवीकडचाच आखूड शाफ्ट घातला, की तो १९६५-६६च्या गाडीला जुळतो. पाट्यांच्या बैठकी मात्र नव्याने वेल्ड कराव्या लागतात. हे काम अलाइनमेंट बार असलेल्या कारागिराकडेच द्या, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकते आणि मग बेअरिंग टिकत नाही.

रोजच्या गाडीत स्पूल नको. वळताना दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात, टायर फरफटतात, आणि पावसात गाडी सरळ धोक्याची होते. क्लच प्लेटांचे लिमिटेड स्लिप घेतलेत, तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घालायला विसरू नका.

नवे गिअर पहिल्याच दिवशी पिळू नका. पंधरा-वीस मैल सावकाश चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, असे काही वेळा करा. पाचशे मैलांनी तेल बदला. तोवर ट्रेलर नको आणि शर्यतही नको.

मूळ हाउसिंग विकू नका. जनरल मोटर्सच्या गाड्यांत नळीवर कोड आणि तारीख ठोकलेली असते, फोर्डमध्ये बोल्टखाली पत्र्याचा टॅग. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी परत करायची झाली, तर हेच लोखंड लागेल. तेल लावून, दोन्ही तोंडे बंद करून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवा आणि टॅग त्यालाच तारेने बांधा.