कॉफीचे नातलग

कॉफी हे झुडूप, कदंब हा उंच वृक्ष, तर मंजिष्ठ ही वेल. तरीही ही तिन्ही एकाच कुलातील होत. मंजिष्ठेच्या शास्त्रीय नावावरून त्या कुलास ‘रुबिएसी’ म्हणतात.

कॉफीची फांदी निरखून पाहिल्यास पाने साधी, अखंड कडांची व समोरासमोर दिसतात. समोरासमोरच्या दोन देठांच्या मध्ये एक चिमुकले पर्ण असते. त्यास उपपर्ण म्हणतात. हीच या कुलाची मुख्य खूण होय. मंजिष्ठेची उपपर्णे मात्र पानांसारखीच वाढतात. म्हणून तिच्या पेरावर चार पाने भासतात. कॉफीच्या शुभ्र फुलाच्या पाकळ्या खाली जुळून नळी बनते व बीजकोश तिच्या तळाखाली असतो.

सिंकोना वृक्षही याच कुलातला. १८२० साली त्याच्या सालीतून क्विनीन वेगळे करण्यात आले आणि हिवतापाच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचले. वनस्पतींचे नाते आकारावरून नव्हे, तर अशा बारीक खुणांवरून ओळखावे.