गाडीच्या रंगाला चमक कशी आणावी?

आता गाड्या शहरापुरत्याच राहिल्या नाहीत. आपल्या गावातही जीप आहे, टेम्पो आहे, ट्रॅक्टर आहे. गाडी आली की तिची दुरुस्ती आली. पत्रा ठोकणे आले, रंग देणे आले. तालुक्याच्या गॅरेजात हे काम शिकून कितीतरी तरुण पोट भरतात. या धड्यात आपण त्या कामाचा शेवटचा भाग पाहू. तो म्हणजे मशीनने पॉलिश करणे. भाग शेवटचा खरा, पण फार नाजूक. येथे घाई केली तर आधीची सारी मेहनत वाया जाते.

रंग का घासतात?

फवाऱ्याने रंग मारला की तो आरशासारखा सपाट बसतोच असे नाही. कधी तो संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. कधी त्यात धुळीचे कण अडकतात. म्हणून रंग पुरता वाळल्यावर तो वॉटर पेपरने घासतात. वॉटर पेपर म्हणजे पाणी मारून घासायचा कागद. त्याच्या पाठीवर नंबर असतो. नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. १५०० नंबरचा कागद भराभर कापतो. २००० चा त्याहून बारीक. ३००० चा आणखी बारीक.

घासून झाले की रंग सपाट होतो, पण दुधाळ दिसतो. का बरे? त्यावर कागदाच्या हजारो बारीक रेघा उठलेल्या असतात. या रेघा घालवणे हेच पॉलिशचे काम.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पॉलिशने रेघ बुजत नाही. रेघेच्या आजूबाजूचा रंग कापून तो रेघेच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. म्हणजे चमक वरून लावायची नसते, ती आतून काढायची असते. आणि दर वेळी थोडा रंग जातो.

थर किती पातळ असतो?

हल्लीच्या बहुतेक मोटारींवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे १ मायक्रॉन. कंपनीतून आलेल्या गाडीवर क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे हा थर केसापेक्षाही पातळ! तो घासून घासून संपला, तर कोणत्याही पॉलिशने परत येत नाही. मग तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.

पॅड कोणता घ्यावा?

मशीनच्या तोंडाला जो गोल गादीसारखा भाग बसवतात, तो पॅड. मुख्यतः दोन जातीचे पॅड वापरतात.

पहिला लोकरीचा. तो जोरात कापतो. खोल रेघा लवकर घालवतो. पण तो आपल्याही रेघा मागे ठेवतो. उन्हात त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल दिसतात. काळ्या गाडीवर तर फारच.

दुसरा फोमचा. फोम कठीण असतो, मध्यम असतो आणि मऊ असतो. कठीण फोम जास्त कापतो. मऊ फोम कापतो थोडे, पण शेवटची झळाळी आणतो. फोमचे रंग निरनिराळे असतात. पण रंगावर भरवसा ठेवू नका. एका कंपनीचा कठीण पॅड ज्या रंगाचा, त्याच रंगाचा दुसऱ्या कंपनीचा मऊ निघेल. अंगठ्याने दाबून बघा आणि वेष्टनावरचा मजकूर वाचा. वाचायला शिकलो ते अशाच वेळी कामाला येते.

कंपाउंड कोणते घ्यावे?

कंपाउंड म्हणजे बारीक कणांचा लेप. आपण भांडी घासताना राख घेतो, तशातलाच प्रकार. जाड कणांचे कंपाउंड जास्त कापते. बारीक कणांचे कमी कापते आणि चमक देते. पॅड आणि कंपाउंड यांची जोडी जमवावी लागते.

शेताचे काम आठवा. आधी नांगर, मग कुळव, मग फळी. नांगराची ढेकळे कुळवाने फुटतात. कुळवाच्या रेघा फळीने मोडतात. तसेच येथे आहे.

१५०० च्या कागदाच्या रेघा असतील तर लोकरीचा किंवा कठीण फोमचा पॅड आणि जाड कंपाउंड. मग मध्यम फोम आणि बारीक कंपाउंड. शेवटी मऊ फोम आणि पॉलिश.

पण जेथे कोळप्याने काम भागते, तेथे नांगर कोण घालील? आधीच २००० आणि मग ३००० च्या कागदाने बारीक घासून घेतले असेल, तर मध्यम फोम आणि बारीक कंपाउंडनेही पुष्कळदा काम होते. मग लोकर कशाला?

म्हणून आमचे सांगणे असे : सौम्य जोडीपासून सुरुवात करा. दारावर वीतभर जागा निवडा आणि तेथे करून बघा. शितावरून भाताची परीक्षा होते. रेघा गेल्या, तर तीच जोडी पुढे चालवा. नाही गेल्या, तर एक पायरी चढा. कमी कापले तर पुन्हा कापता येते. जास्त कापलेले परत जोडता येत नाही.

गिऱ्हाईक म्हणते, "लवकर उरका हो, संध्याकाळी लग्नाला जायचंय." मग कारागीर जाड कंपाउंड घेतो, लोकर चढवतो आणि दाबून मशीन फिरवतो. तासभर वाचतो. पण दाराच्या काठावरचा थर उडाला, तर ते दार पुन्हा रंगवावे लागते. तो खर्च कोणाच्या खिशातून जाणार? कारागिराच्याच. वर गिऱ्हाईक गेले ते गेलेच.

मशीन चालवताना

१. गाडी सावलीत घ्या. तापलेल्या पत्र्यावर काम करू नका.

२. खाली घासकामाचे पाणी सांडलेले असते. ते आधी पुसा. ओल्या हाताने बटणाला हात लावू नका. वायर खांद्यावरून मागे घ्या. डोळ्यांवर चष्मा आणि नाकाला मास्क लावा.

३. कडा, कोपरे आणि पत्र्याचे उंचवटे यांवर रंग फार पातळ असतो. त्यांवर चिकटपट्टी लावा. ती जागा शेवटी हलक्या हाताने करा.

४. पॅडवर हरभऱ्याएवढे तीन-चार ठिपके द्या. एका वेळी दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढीच जागा घ्या.

५. पॅड रंगावर टेकवून मगच मशीन सुरू करा, नाहीतर कंपाउंड चहूकडे उडते. पॅड सपाट ठेवा. मशीन एका जागी थांबवू नका. मधून मधून हाताची पालथी बाजू लावून बघा. चटका बसला, तर थांबा. प्लास्टिकच्या बंपरवर जास्त जपा. तेथे उष्णता पसरत नाही, एकाच जागी साठते.

६. दर कंपाउंडला वेगळा पॅड ठेवा. जाड कंपाउंडचा एक कणही मऊ पॅडवर राहिला, तरी नव्या रेघा पडतात. काम झाले की पॅड धुऊन, वाळवून पिशवीत घाला.

थांबायचे केव्हा?

पॅडकडे लक्ष ठेवा. क्लिअर कोट असलेल्या गाडीचा रंग पॅडला लागू लागला, तर वरचा थर संपला असे समजा. त्याच क्षणी मशीन बंद करा. जुन्या पद्धतीच्या रंगावर मात्र असा पारदर्शक थर नसतो. जुन्या ट्रॅक्टरचा रंग बहुधा असाच. तेथे पॅडला रंग लागणारच. म्हणून गाडी हातात घेतानाच विचारा, की रंग कोणता आहे?

आणखी एक. काही पॉलिशमध्ये तेल किंवा मेण असते. ते रेघांत बसते आणि रेघा झाकते. गाडी दोन-चार वेळा धुतली की रेघा परत दिसतात. म्हणून काम संपल्यावर ती जागा साबणाच्या पाण्याने धुवा आणि उन्हात तिरप्या नजरेने पाहा. तेव्हाही रेघ दिसली नाही, तर चमक खरी. अशी चमक पाहून गिऱ्हाईक आपण होऊन दुसरे गिऱ्हाईक घेऊन येते.

आठवा आणि सांगा

१. २००० आणि ३००० यांपैकी बारीक कागद कोणता?

२. सुरुवात सौम्य जोडीने का करावी?

३. पॅडला रंग लागला, तर काय समजावे? ते सगळ्याच गाड्यांना लागू आहे का?

४. तुमच्या धंद्यात असे कोणते काम आहे, की जे एकदा जास्त झाले तर परत फिरवता येत नाही? चार ओळी लिहा.