लेकरू सकाळी लंगडतंय? सांध्यांच्या आजारांची ओळख



सांधेदुखी म्हटलं की आपल्याला आजी-आजोबांचे गुडघे आठवतात. पण संधिवात मुलांनाही होतो. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे बालसंधिवात. अडचण अशी, की लहान मूल 'सांधा दुखतो' असं सहसा सांगतच नाही. ते परिपाठाला उशिरा येतं, मांडी घालायचं टाळतं, खेळाच्या तासाला कडेला उभं राहतं, त्याचं अक्षर बिघडतं. आणि त्याला 'आळशी' हे नाव पडतं.

निदानाची सुरुवात प्रश्नांनी

आपल्या कर्जत तालुक्याच्या शेजारी, भीमेपलीकडे पुणे जिल्ह्यात भिगवण आहे. तिथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघरी सर्वेक्षण केलं. आधी साधे प्रश्न, मग डॉक्टरांची तपासणी. सुमारे १८ टक्के प्रौढांनी दुखणं सांगितलं, पण त्या वस्तीत आमवात निघाला जेमतेम अर्धा टक्का लोकांना. म्हणजे दुखणं सारखं दिसलं, तरी आजार एकच नसतो. तो ओळखायला माहिती नीट विचारावी लागते. मुलांबाबत ही माहिती आपल्याकडेच असते.

काय पाहायचं?

• सकाळी आखडलेलं, हालचालीने सैल होणारं दुखणं : संधिवाताची शंका.
• संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पाय दुखतात, सकाळी मूल ठणठणीत : बहुधा वाढीच्या वयातलं साधं दुखणं.
• घसा दुखल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आज गुडघा, उद्या घोटा : हा संधिवाताचा ताप असू शकतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात.
• एकच सांधा कित्येक आठवडे सुजलेला, वजन घटतंय : सांध्याचा क्षयसुद्धा तपासावा.
• रात्री हाडं ठणकतात, चेहरा पांढुरका, अंगावर निळे डाग : रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात अशीही होते.
• जोराचा ताप आणि मूल सांध्याला हातच लावू देत नाही : सांध्यात पू झाला असेल. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दोन फसवे मुद्दे

पहिला : 'आरए फॅक्टर' निगेटिव्ह आला म्हणून संधिवात नाही, असं नसतं. बालसंधिवाताच्या बहुतेक मुलांत ही चाचणी निगेटिव्हच येते. दुसरा : या आजारात डोळा लाल न होता, न दुखता आतून सुजू शकतो आणि नजर जाऊ शकते. म्हणून नेत्रतज्ज्ञांची नियमित तपासणी हवीच. आणखी एक, गुडघा दुखत असला तरी बिघाड कधी कधी खुब्यात असतो.

आपण काय करू शकतो?

आठवडाभर वहीत नोंद ठेवा : कोणता सांधा, किती वाजता, किती वेळाने सैल झाला, ताप होता का. पालकांनी सकाळच्या चालण्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढावा, कारण दुपारी दवाखान्यात पोचेपर्यंत मूल नीट चालू लागलेलं असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं, की ही नोंद त्यांना दाखवा. मात्र पथकाची वाट पाहत थांबू नका. निदान होईपर्यंत त्या मुलाला बाकावर बसू द्या, मैदानावर सक्ती करू नका. बालसंधिवाताला आज चांगली औषधं आहेत. ती वेळेवर सुरू झाली, तर सांधा वाकडा होण्याआधीच सावरता येतो.