पडद्यापर्यंतचं अंतर

मी मुद्रितशोधन करते. पूर्वी कागदावर करायचे, आता सगळं पडद्यावर. दिवाळी अंकांचं काम ऑगस्टपासून अंगावर येतं आणि रोज दहा-दहा तास अनुस्वार नि वेलांट्या तपासण्यात जातात. दोन वर्षांपूर्वी त्याच हंगामात दुपारी चारच्या सुमारास कपाळ आणि मान ठणकायला लागली. घरच्यांनी पित्त ठरवलं. आलेपाक झाला, सुंठीचा लेप झाला. मग आठवड्यातले चार-पाच दिवस मी गोळ्या घ्यायला लागले, आणि तीच माझी मोठी चूक. साध्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, अशा तीन-चार महिने घेत राहिलं, तर त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते.

कारण टेबलावरच होतं. चाळिशी लागल्यावर मी प्रोग्रेसिव्ह चष्मा केला होता. त्यात लांबचं वरच्या भागातून दिसतं, जवळचं खालच्या. मॉनिटर मात्र दोन जाड शब्दकोशांवर, उंच ठेवलेला. अक्षर नीट दिसावं म्हणून मी दिवसभर हनुवटी वर करून बसत होते, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. नेत्रतज्ज्ञांनी विचारलं, "पडदा डोळ्यांपासून किती लांब असतो?" मला सांगता येईना. घरी येऊन शिवणाच्या टेपने मोजलं, ६५ सेंटिमीटर. तेवढ्या अंतराच्या नंबरचा, फक्त संगणकासाठी वेगळा चष्मा केला. शब्दकोश काढले, पडद्याची वरची कड नजरेच्या जरा खाली आली. पंधरवड्यात मान मोकळी झाली. चाळिशी ओलांडलेल्यांनी डोळे तपासायला जाताना हे अंतर मोजूनच न्यावं.

डोळ्यांची चुरचुर मात्र राहिली होती. एरवी पापण्या मिनिटाला साधारण १५ वेळा मिटतात, पडद्यावर टक लावली की निम्म्याहूनही कमी. मग अश्रूंचा थर वाळतो आणि अक्षर धूसर होतं. माझा टेबलफॅन तर थेट तोंडावर होता, तो आधी हलवला. अक्षर दीडपट मोठं केलं. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे बघावं असं सांगतात. मी घड्याळ लावत नाही, दोन-तीन पानं झाली की गॅलरीतून समोरच्या शेवग्याकडे बघते आणि मुद्दाम पापण्या पूर्ण मिटते.

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर मी पैसे घालवले, तुम्ही घालवू नका. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३च्या आढाव्यात अशा काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलेलं नाही. डोळे लाल झाले म्हणून दुकानातून आपल्या मनाने थेंबही आणू नका. काहींत स्टेरॉइड असतं, आणि ते बरेच दिवस घातल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

आणि डोकं अचानक जबर दुखलं, सोबत उलटी झाली, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसली किंवा दिसणंच कमी झालं, तर दोष पडद्याला देत बसू नका. त्याच दिवशी, मिळेल त्या वाहनाने, डॉक्टरांकडे जा.